तुमचं बर्फाचं मशीन आणि आमचा टेट

टर्नोव, सास्काचेवान
७ जानेवारी

आदरणीय वुयको स्टेफान यांस,

भाचा ऑरेस्ट याचा वाकून नमस्कार. ख्रिस्त जन्मला! (याचं ठरलेलं उत्तर तुम्ही तिथूनच मोठ्याने द्या, मी ऐकलं असं समजतो.) तुमचा गुडघा कसा आहे? वुयना ओल्हांचा खोकला थांबला का? तुमच्या पित्ताशयातले ते तीन खडे अजून दिवाणखान्यातल्या काचेच्या बाटलीत आहेत की पाहुणे कमी झालेले पाहून हलवलेत? इकडे उणे चौतीस आहे. गाडी रोज संध्याकाळी, इंजिन गरम राहावं म्हणून, गुरासारखी विजेच्या खुंट्याला बांधावी लागते, नाहीतर सकाळी ती मेलेली असते. लेसिया बरी आहे आणि माझ्याबद्दल तिची मतंही होती तशीच आहेत. आई मजेत आहे. आई म्हणजे तुमची मोठी बहीण. आठवण करून दिली, कारण ईस्टरनंतर तुमचा तिला फोन नाही, आणि हे मी लिहीत नसून ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून लिहायला लावते आहे.

तुमचं पत्र परवा मिळालं. हार्टवेलच्या आइस हॉकी समितीचे अध्यक्ष या नात्याने तुम्ही विचारता की, तुमच्याकडचं बर्फ घासायचं जुनं मशीन आमच्या क्लबाला देऊन त्या बदल्यात आमचा खेळाडू टेट हॉलोरन घ्यावा की नाही. अदलाबदलीची मुदत दहाला संपते, नऊला तुमची समिती बसणार, आणि पोरगा सप्टेंबरपासून आमच्याच घरात राहतो, तेव्हा त्याच्याबद्दल माझ्याइतकं खरं कोण सांगणार? वुयको, तुम्ही अगदी योग्य माणसाला विचारलंत. आमची समिती तर तुमच्या होकाराची वाट पाहत पेन उघडून बसली आहे. पण रक्ताचं नातं आहे, काही लपवणार नाही.

सुरुवातीपासून सांगतो. मे महिन्यात पश्चिमेकडच्या क्लबांनी आळीपाळीने पोरं निवडली, त्यात पहिली पाळी आमची होती. (आदल्या वर्षी आम्ही शेवटचे आलो होतो, त्याचं ते बक्षीस. आपल्या खेळात नापासाला पहिल्या बाकावर बसवतात.) आम्ही टेटला उचललं. समुद्राकाठचा मुलगा, वय सतरा, मनगट असं की म्हणे चकती मारल्याचा आवाज आधी येतो आणि चकती नंतर दिसते. त्याच आठवड्यात ‘टर्नोव वार्ता’ नावाच्या एका बेजबाबदार साप्ताहिकाने पहिल्या पानावर आडवा मथळा दिला, ‘शंभर वर्षांत एकदा!’ (संपादक कोण ते तुम्हाला माहीत आहे. हसू नका. त्या आठवड्यात दुसरी बातमी फक्त सांडपाण्याच्या नळाची होती.) मग गावाला चेव आला. हमरस्त्यावर वीस फुटी फलक लागला, ‘टेटच्या टर्नोवमध्ये स्वागत’. तोपर्यंत टेटने टर्नोव नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं. न्हाव्याने ‘टेट कट’ काढला. अकरा पोरांनी तो करून घेतला आणि आमच्या नेस्टरनेही चौकशी केली, ज्याच्या डोक्यावर शेवटचा केस मागच्या सरकारात होता. फादर बोहदान यांनी पेरणीच्या प्रार्थनेत पावसानंतर लगेच टेटचं नाव घेतलं. पाऊस तेवढा पडला.

सप्टेंबरात तो आला तेव्हा बस थांब्यावर बँड होता. बँडला दोनदा वाजवावं लागलं, कारण पहिल्यांदा बसमधून तणनाशकाचा विक्रेता उतरला आणि महापौरांनी त्याच्या गळ्यात क्लबाचा मफलर घातला. (त्याने तो परत दिला नाही.) त्याच्यामागून एक सडपातळ पोरगा उतरला, दातांना तारा, खांद्यावर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. क्लबाच्या रिवाजाप्रमाणे बाहेरगावचा खेळाडू गावातल्या कुणाच्या तरी घरी ठेवतात. आमचा मार्को कॅलगरीला गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती, म्हणून तारणहार आमच्या वाट्याला आला. तो सगळ्यांना ‘थँक यू’ म्हणतो. बशी पुढे केली की थँक यू, उचलली की थँक यू. एकदा दार आपोआप बंद झालं, तर त्यालाही म्हणाला. आईला पहिल्या दिवशी वाटलं पोराला उचकी लागली आहे, तिने साखर चाटवली. त्याबद्दलही तो थँक यू म्हणाला.

आता त्याला पोसण्याचं. सकाळी आठ अंडी. शाळेतून आल्यावर आईच्या हातचे बटाट्याचे पिरोही, डझनावारी; आई भरत असते आणि तो रिचवत असतो, दोघांपैकी आधी कोण दमतं यावर लेसिया आणि मी पैज लावतो. त्याचं सामान तळघरात भट्टीशेजारी वाळत असतं आणि त्या वासाने आमचं मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेलं आहे, कायमचं. सामन्याच्या दिवशी दुपारी एक ते तीन तो झोपतो, आणि तेवढा वेळ घरात सुतक असल्यासारखं वावरावं लागतं. लेसिया घड्याळाचा लंबक थांबवते. मी माझ्याच घरात मोज्यांवर चालतो. ऑक्टोबरात एकदा मी शिंकलो आणि त्या संध्याकाळी आम्ही हरलो, तेव्हा कोच ड्वेन स्वतः आमच्याकडे आले, टोपी काढून बसले आणि मला म्हणाले, ‘‘ऑरेस्ट, मी कुणाला दोष देत नाही. पण दुपारी जरा कचेरीत जाऊन बसत जा ना.’’

इतकं सगळं करून खेळ काय? पहिल्या सामन्यात त्याने मारलेली चकती जाळ्याच्या खांबाला लागली. आम्ही म्हटलं, नशीब. दुसऱ्यात वरून गेली; आम्ही म्हटलं, ताकद. तिसऱ्यात ती पाचव्या रांगेतल्या नेस्टरच्या कॉफीच्या पेल्यात गेली, आणि नेस्टरचं म्हणणं आहे की तो पेला जाळ्यापेक्षा बराच लहान असल्यामुळे पोराला नेम नाही असं कुणी म्हणू नये. सव्वीस सामन्यांत गोल एक, तोही दुसऱ्याने मारलेली चकती त्याच्या पाठीला लागून आत गेली म्हणून. त्या वेळी तो खाली वाकून बुटाची नाडी बघत होता. को-ऑपमधल्या कॉफीच्या टेबलावर मला आता जाववत नाही. तिथे चार निवृत्त शेतकरी बसतात, त्यांच्यातल्या एकालाही उलटं स्केटिंग येत नाही, पण मी दिसलो की नेस्टर खुर्ची सरकवून म्हणतो, ‘‘या संपादक, बसा! काय म्हणतं तुमचं शतकातलं बाळ? जाळं दिसतं का त्याला, की वर्गणी काढून चष्मा आणू?’’ मी म्हणतो, अरे सतरा वर्षांचा आहे. तो म्हणतो, ‘‘मग छापलं कशाला शंभर?’’ मग मी बिल भरून निघतो.

नोव्हेंबरात कुणीतरी हमरस्त्यावरच्या त्या फलकाखाली काळ्या रंगाने, अगदी सरकारी पाटीच्या अक्षरात लिहिलं, ‘पुढचा गोल २१२ कि.मी.’ (अक्षर इतकं सुबक की मला महापौरांचा संशय आहे.) शाळेच्या रस्त्यावरून मी त्याला गाडीतून नेतो, त्याने वाचलं, मी त्याला वाचताना पाहिलं, आणि दोघेही हवामानाबद्दल बोललो. दुसऱ्या दिवशी त्याने तीनच अंडी खाल्ली. त्याची भूकही कशी बेभरवशाची आहे, हे तुमच्या ध्यानात यावं म्हणून सांगितलं.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे अस्वलं. तुमच्या हार्टवेलमध्ये हा रिवाज अजून आलेला नाही, म्हणून सांगतो. नाताळाआधीच्या एका सामन्याला गावाने घरून एकेक कापडी अस्वल घेऊन यायचं, आणि आपल्या संघाने पहिला गोल केला की सगळ्यांनी ती बर्फावर भिरकावायची. मग ती गोळा करून इस्पितळातल्या पोरांना वाटतात. यंदा तो सामना डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, दुपारचा होता. अकराशे माणसं, अकराशे अस्वलं. आईने विकतचं घेतलं नाही. तिने वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा जुना कोट उसवून स्वतः अस्वल शिवलं, वासराएवढं, आणि त्याला वडिलांच्याच कोटाची पितळी बटणं लावली. मी म्हटलं, आई, हे कोण उचलणार? ती म्हणाली, ‘‘तुझ्या वडिलांना मी चाळीस वर्षं उचललं. तू गप गाडी काढ.’’

पहिला भाग संपला, आमचा गोल नाही. दुसरा संपला, नाही. समोरच्यांचे तीन झाले. पोरं अस्वलांवर डोकी टेकून झोपली. नेस्टर ओरडला, ‘‘लवकर करा रे, माझ्या अस्वलाला पेन्शन लागेल!’’ लोकांचे हात अवघडले होते. वुयको, अकराशे माणसं अडीच तास काहीतरी फेकायला हातात धरून बसली आहेत, ही काय अवस्था असते याची तुम्हाला कल्पना नाही. आणि प्रत्येक जण एकाच पोराकडे बघत होता. शेवटची चार मिनिटं उरली असताना आमच्या जाळ्यापुढे चकती मोकळी सुटली. टेट (स्वभाव मदतीचा, हा त्याचा आणखी एक दोष) गोलरक्षकाच्या मदतीला मागे धावला आणि चकती बाहेर काढायला त्याने फटका मारला. हंगामातला सर्वांत सुंदर फटका. आवाज आधी आला, चकती नंतर दिसली. ती आमच्याच जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात होती.

जाळ्यामागचा लाल दिवा लागला. मग आमच्या मातोश्री, ज्यांना बर्फावरच्या निळ्या रेषेपलीकडचं काही दिसत नाही पण लाल दिवा दिसतो, उभ्या राहिल्या आणि ते वासरू दोन्ही हातांनी डोक्यावरून त्यांनी भिरकावलं. त्यानंतर जे झालं ते गैरसमजातून झालं असं मी छापलं असतं, पण ते खोटं ठरेल. सगळ्यांना ठाऊक होतं गोल कुठे झाला. पण एकाने फेकल्यावर दुसऱ्याने धरून का बसायचं? अकराशे अस्वलं आली. समोरचा संघ बाकाखाली शिरला. पंच दोन्ही हात हलवत ‘नाही, नाही’ म्हणत होते, त्यांना एक जिराफ लागला (कुणीतरी नियम मोडला होता). आणि अस्वलं पुरती उचलून व्हायच्या आत घाईघाईने बर्फ साफ करायला आमचं मशीन बाहेर काढलं, त्याने वडिलांच्या कोटाचं अस्वल अर्धं गिळलं, आत पितळी बटण अडकलं, काळा धूर निघाला, आणि एकोणतीस वर्षांची सेवा करून ते मशीन जागच्या जागी वारलं. तर तुमचं मशीन आमच्या समितीला का हवं आहे आणि त्यापायी एक जिवंत मुलगा द्यायला ती का निघाली आहे, हे आता तुम्हाला कळलं असेल.

बाकीचे खेळाडू कपडे बदलून गेले तरी हा बर्फावरच. एकेक अस्वल उचलून पोत्यात भरत होता, वर बघत नव्हता. शेवटी मशीनच्या तोंडातून त्याने वडिलांचं अस्वल ओढून काढलं. एक कान तिथेच राहिला होता. ते तो घरी घेऊन आला आणि स्केट्सला वापरतात त्या मेणाच्या दोऱ्याने त्याने नवा कान शिवला. टाके वाकडे आहेत. शतकातला हा वीर आता उशाशी अस्वल घेऊन झोपतो. हे समितीला अवश्य सांगा. हार्टवेलच्या प्रेक्षकांना अशी माणसं झेपत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्या आठवड्यात ‘वार्ता’ने सामन्याचं वृत्त दिलं नाही. संपादकांना सर्दी झाली होती.

आणि काल, आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे, नाताळची पवित्र संध्याकाळ. पोरगा पंचवीस डिसेंबरला आपल्या घरी एक नाताळ करून आला होता, आमचा दुसरा. (वर्षात दोन नाताळ आणि एक गोल, असं उदाहरण इतिहासात नसेल.) पहिली चांदणी दिसली, आम्ही बारा पदार्थ मांडले, नेहमीप्रमाणे गेलेल्या माणसासाठी एक जादा ताट मांडलं, वडिलांसाठी. टेट हात धुऊन आला आणि सरळ त्या खुर्चीवर बसला. लेसियाचा हात तोंडावर गेला. मी काही बोलणार इतक्यात आई म्हणाली, ‘‘बसू दे रे. ते तरी कुठे गोल करत होते?’’

मग कुट्या. मधातले शिजवलेले गहू घरच्या कर्त्याने चमचाभर छताकडे उडवायचे, चिकटले तर वर्ष चांगलं. गेली सहा वर्षं मी उडवतो आणि ते माझ्याच टकलावर येतात. काल आईने चमचा माझ्या हातातून काढून टेटला दिला. मी म्हटलं, आई, पडदे नवे आहेत. ती म्हणाली, ‘‘तुझ्याहून वाईट काय करणार आहे तो?’’ त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे, खरं सांगतो, ताटात बघायला लागलो, कारण गेले चार महिने सगळं गाव बघत असताना त्या पोराचं काय होतं ते आम्ही बघितलं होतं. मनगटाचा एक झटका आला. आम्ही वर पाहिलं. सगळे गहू छताला होते. एकही खाली नाही. आई रडली. लेसिया रडली. मी कांदा खात होतो.

असो. मुद्दा काय, तर मुलगा आळशी आहे (दुपारी झोपतो), खादाड आहे, मांजरं हाकलतो, आपल्याच जाळ्यात गोल करतो आणि थँक यू म्हणून डोकं उठवतो. तुमच्यासारख्या नावाजलेल्या क्लबाने त्याच्यापायी चांगलं चालतं मशीन घालवू नये, असं माझं निःपक्ष मत आहे. वुयनांना नमस्कार, गुडघ्याला गरम पट्टी.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
ऑरेस्ट

ता. क. १ : लेसियाने वरचं पत्र वाचलं. ती म्हणते, ‘‘लाज नाही वाटत? तो रोज सकाळी शेजारच्या तिन्ही म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ काढतो, ते कुठे आहे यात?’’ मी जागेअभावी गाळलं होतं. शिवाय त्यातला निम्मा बर्फ तो आमच्याच दारात टाकतो.

ता. क. २ : तुमची समिती बसेल तेव्हा हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः अस्वलांचा भाग. ता. क. मात्र वाचू नका. गेल्या शनिवारी दुपारी शेततळ्यावर तो एकटा होता. तळं गोठलेलं आहे, पलीकडे जुनं जाळं आहे, आणि जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याने आमची दुधाची बादली टांगली होती. मी ट्रॅक्टरमागे उभा राहिलो. चाळीस चकत्या, चाळीस वेळा बादली. माझा बूट वाजला, त्याने वळून पाहिलं, आणि एकेचाळिसावी कुंपणाबाहेर. वुयको, त्याला नेम आहे. त्याच्या पाठीवर वीस फुटी फलक आहे, आणि तो मी लावला आहे. चूकदुरुस्तीची ओळ ‘वार्ता’त कितीही मोठी छापली तरी फलक उतरत नाही, तो आता उन्हाळ्यात जमीन मऊ झाल्यावरच उपटता येईल. तुमच्याकडे आला तर तुम्ही दुसरा लावाल, मी तुम्हाला ओळखतो. त्याला इथे मार्चपर्यंत राहू द्या. कुणी न बघता.

ता. क. ३ (हे अक्षर आईचं) : स्टेफान, बटण माझं होतं. मशीन मी मारलं, त्याची भरपाई पोराने का करायची? तुझ्याकडे दोन मशीनं आहेत, मला माहीत आहे, ओल्हाने सांगितलं. एक वसंतापर्यंत उसनं पाठव, मुलगा मागू नकोस. तुझ्या क्लबाच्या जेवणावळीसाठी साठ डझन पिरोही करून देते, कांदा घालून. नाही पाठवलंस तर ईस्टरच्या पास्काचा पाव दुसरीकडे शोध. आणि फोन कर. — तुझी बहीण, जिने तुला स्केट्स बांधायला शिकवलं, तरी तुलाही गोल कधी करता आला नाही.

ता. क. ४ : लेसिया छत पुसू देत नाही. दहा तारखेपर्यंत गहू तिथेच राहणार म्हणते. आज सकाळी दोन दाणे माझ्या कॉफीत पडले; ते मी कुणाला न सांगता प्यायलो.

ता. क. ५ : टेट कोट घालून दारात उभा आहे. म्हणतो, पोस्टाकडेच चाललोय, तुमचं पत्र टाकतो. कुणाला लिहिलंय विचारलं. मी म्हटलं, मामाला. तर म्हणतो, ‘‘वुयकोंना माझाही नमस्कार लिहा ना.’’ तो लिहिला. आता पाकीट चिकटवून त्याच्याच हातात देतो. पत्र तुम्हाला पोचलं तर समितीपुढे त्याला नेम आहे असा उगाच अर्थ काढू नका. पेटीचं तोंड अरुंद आहे हे खरं, पण पेटीपुढे गोलरक्षक नसतो, आणि बघायलाही कुणी नसतं.